‘नाजा 200’चे तीन थेंब आणि मण्यार

पाऊस लागला की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदाही उगवला. मजकूर थोडक्यात असा: विषारी साप मोजकेच, माणसं मरतात ती भीतीने. दोन दातांच्या खुणा दिसल्या तरच दंश विषारी समजा. वर दोरी आवळा, सिरिंजचं टोक कापून ती जखमेवर लावा आणि रक्त ओढून काढा. मग होमिओपॅथीचं, नागाच्या विषापासून बनवलेलं ‘नाजा 200’, दहा-दहा मिनिटांनी एक थेंब, तीनदा. पुढे पाठवा, जीव वाचेल.

मी बरीच वर्षं घराघरांतून साप पकडून रानात सोडतो. म्हणून हे उत्तर.

मोजके, हे खरं. आपल्याकडे बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळेच होतात. पण 2000 ते 2019 या काळात देशात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशाने गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढी माणसं घाबरून मरत नाहीत.

दोन खुणांची गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. गेल्या श्रावणात एका घरी बोलावणं आलं. गोधडीची घडी काठीने उलटली तर आत मण्यार. निळसर काळी, तेल लावल्यासारखी चकचकीत, अंगावर बारीक पांढऱ्या रेषांच्या जोड्या. दिवसा ती डोकं वेटोळ्याखाली खुपसून पडते, डिवचली तरी सहसा अंगावर येत नाही. घरातली आजी म्हणाली, “गरीब दिसतंय हो.” हीच रात्री उंदीर, पाली, दुसरे साप शोधत घरात शिरते. जमिनीवर झोपलेला माणूस कूस बदलतो, ती दबते आणि चावते. दात इतके बारीक की कित्येकदा खूण दिसतच नाही. सूज नाही, दुखणंही नाहीच्या बरोबर. पहाटे पोटात कळ येते, घरचे पित्त समजून ओवा देतात. थोड्या वेळाने पापण्या मिटायला लागतात. अशा माणसाच्या अंगावर दोन खुणा शोधत बसायचं? उलट कवड्या चावला तर दातांचे ओरखडे स्पष्ट दिसतात आणि तो साप बिनविषारी. (त्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे विरत जाणारे, मण्यारीचं नेमकं उलटं.)

दोरीबद्दल फार लिहीत नाही. घोणशीच्या विषाने आधीच सडू लागलेल्या पायाचं रक्त तोडलं तर पाय जायची वेळ येते.

सिरिंज? घोणशीचा दात दीड सेंटीमीटरच्या आसपास, तोही वाकडा. विष खोल मांसात जातं, तिथून पसरतं. वरून ओढून येतं ते रक्त आणि आतला पाझर. शिवाय घोणशीच्या नि फुरशाच्या दंशात रक्त गोठायचंच थांबतं. दवाखान्यात थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटं ठेवून हेच बघतात. अशा रक्ताला आणखी वाट करून द्यायची नसते.

आता नाजा. ‘200’ म्हणजे एकास नव्याण्णव या प्रमाणात दोनशे वेळा पातळ केलेलं. बाराव्या-तेराव्या खेपेलाच मूळ विषाचा एखादा रेणू उरण्याची आशा संपते. पुढच्या एकशे ऐंशीहून जास्त खेपा नुसत्या अल्कोहोलवर. याउलट घोड्यांच्या रक्तातून बनवलेल्या प्रतिविषाचा हिशोब चोख असतो: एक मिलिलीटर औषध नागाचं 0.6 मिलिग्रॅम विष निकामी करतं, मण्यारीचं 0.45. रुग्णाला सुरुवातच आठ-दहा बाटल्यांनी करतात. तिथे तीन थेंब!

“पण आमच्या काकांना गुण आला,” असं कोणीतरी लिहितंच. काकांना धामण किंवा दिवड असा बिनविषारी साप चावला असेल. विषारी सापही पुष्कळदा विष न सोडता नुसतं चावतात. अशांना साखरेच्या पाण्यानेही गुण येतो.

ग्रुपवर हे सगळं लिहिल्यावर एकाने विचारलं, “थेंब देऊन मग 108 ला फोन केला तर बिघडलं काय?” अर्धा तास तिथेच गेला, हे एक. दुसरं मण्यारीचं. तिच्या विषाने पापण्यांपाठोपाठ घसा लुळा पडतो, माणसाला स्वतःची थुंकीही गिळता येत नाही. त्याच्या तोंडात काहीही ओतलं की ते श्वासनलिकेत उतरू शकतं.