वीज की रसायन? परभणीच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘चेतातंतू म्हणजे विजेची तार, हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. तुम्ही आधी वीज म्हणता, मग रसायन म्हणता. एक काय ते ठरवा. आणि शेवटी कपाशीच्या फवारणीचा विषय उगाच घुसडलाय. मावा-तुडतुड्यांच्या औषधाचा माणसाच्या नसांशी काय संबंध?’

एक ठरवता येत नाही, सर. पेशीच्या आत वीज, दोन पेशींच्या मध्ये रसायन, असा मामला आहे.

आधी तारेचं बघू. तारेत बटण दाबताच दिवा लागतो. चेतापेशीतला संदेश मात्र अगदी वेगवान तंतूतही सेकंदाला साधारण 120 मीटरच्या पुढे जात नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1850 मध्ये बेडकाच्या नसेत हा वेग मोजला, तो सेकंदाला 30 मीटरच्याही आत भरला. दुखण्याचे काही बारीक तंतू तर सेकंदाला जेमतेम मीटरभर जातात. म्हणून धुऱ्यावरच्या दगडाची ठेच लागली की आधी ठोकर कळते आणि ठणका मागून येतो. दुसरं म्हणजे, तारेत प्रवाह एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहतो. इथे तसं वाहत काही नाही. पेशी शांत असताना तिची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश आला की पडद्यातली दारं उघडतात, सोडिअम आत घुसतो, क्षणभर आतली बाजू धन होते; मग पोटॅशिअम बाहेर पडतो आणि सगळं पूर्ववत. हा खेळ मिलिसेकंदाच्या आसपास आटोपतो, पण त्याने शेजारची दारं उघडतात, मग त्यापुढची. प्रत्येक ठिकाणी संदेश नव्याने तयार होतो, म्हणून कमरेपासून अंगठ्यापर्यंत जाऊनही तो फिका पडत नाही.

आता टोकाशी या. पुढची पेशी चिकटून नसते. मध्ये फट असते, बहुतेक ठिकाणी 20 ते 40 नॅनोमीटरची. (मेंदूत काही पेशी थेट जोडलेल्याही असतात, तिथे वीज सरळ पार होते, पण तो अपवाद.) ही फट वीज ओलांडते की रसायन, यावर शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं भांडले. ऑटो लोवीने 1921 मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका हृदयाची नस उत्तेजित करून ते मंद केलं, त्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं. दुसरंही मंदावलं. त्याला कुठलीही नस छेडली नव्हती, म्हणजे निरोप द्रावणातूनच गेला. प्रयोगाची ही कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, असं लोवी सांगत असे. खरंखोटं तोच जाणे, 1936 चं नोबेल मात्र हेन्री डेल या ब्रिटिश शास्त्रज्ञासोबत त्याला मिळालं.

त्या द्रावणातलं रसायन ॲसिटिलकोलीन. आपल्या स्नायूंना हुकूम देणारंही हेच. आणि हुकूम देण्याइतकंच तो थांबवणंही गरजेचं असतं. त्यासाठी फटीत एक विकर (एन्झाइम) बसलेलं असतं, ते ॲसिटिलकोलीनचे क्षणात तुकडे करतं.

फवारणीचा विषय इथे येतो, सर, आणि तो घुसडलेला नाही. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गेनोफॉस्फेट औषधं नेमकं हेच विकर बंद पाडतात. हुकूम सुटतो, पण थांबत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ-घाम सुटतो, उलट्या-जुलाब लागतात, मांसपेशी फडफडतात. छातीत स्राव भरतो आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकून थांबतात. पंप गळून पाठ भिजली तरी औषध कातडीतून आत जातं, प्यावंच लागतं असं नाही. 2017 मध्ये पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, ते आपल्याकडे नांदेड-हिंगोलीत कुणी विसरलेलं नाही. अशा वेळी कपडे काढून साबणाने अंग धुवायचं आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. तिथे देतात ते ॲट्रोपिन लाळ-स्राव आवरतं, पण अडकलेलं विकर सोडवत नाही. त्यासाठीचं औषध वेगळं आहे आणि ते लवकर दिलं तरच उपयोगी, कारण उशीर झाला की विष विकराला कायमचं चिकटतं.

मजा म्हणजे नाग चावल्यावर डॉक्टर कधी कधी मुद्दाम हेच विकर काही वेळ दाबतात. नागाचं विष स्नायूवरच्या ॲसिटिलकोलीनच्या जागा अडवतं, म्हणून निओस्टिग्मीन देऊन ॲसिटिलकोलीन वाढवायचं. अर्थात प्रतिविषाची लस लागतेच. मण्यारीचं विष नसेचं टोकच निकामी करतं, तिथे या युक्तीचा फारसा उपयोग होत नाही.

राहिला तुडतुड्यांचा प्रश्न. किडीच्या चेतासंस्थेतही ॲसिटिलकोलीनच निरोप्या असतो आणि तो आवरणारं विकरही आपल्यासारखंच. ऑर्गेनोफॉस्फेटला कीड कोण आणि गडी कोण, हा फरक फारसा कळत नाही. इमिडाक्लोप्रिड हे दुसऱ्या जातीचं कीटकनाशक त्याच फटीवर पण दुसऱ्या ठिकाणी, ॲसिटिलकोलीनच्या जागेवर जाऊन बसतं. किडीतली ती जागा आपल्यापेक्षा जरा वेगळी असल्याने ते किडीत घट्ट बसतं, माणसात कमी. निर्धोक तेही नाही. डब्यावरचा त्रिकोण बघायला तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगा, सर : सर्वांत जहाल लाल, मग पिवळा, निळा, आणि शेवटी हिरवा.