नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकायचंय? मग लिनक्सवाल्यांच्या (विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांच्या) नादी लागू नका. ही मंडळी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडी लिहायच्या खिडकीत, ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी’ लिहितात, एंटर मारतात, आणि व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर लागतील त्या लायब्रऱ्यांसकट (त्याला लागणाऱ्या जोड-फायलींसकट) येऊन बसतो. वर काय काय येणार, डिस्कवर किती जागा जाणार, हे ॲप्ट आधी सांगून परवानगीही मागतं. यात कसली आली मजा?

तुम्ही आपलं विंडोजवर रीतसर करा. गुगलवर नाव टाका, पहिल्या जाहिरातीवर क्लिक करा. पानावर हिरवीगार डाउनलोड बटणं दिसतील, त्यातलं सगळ्यात मोठं दाबा. (खरं बटण खाली बारीक अक्षरात असतं, ते भित्र्यांसाठी.) मग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मधल्या एका खिडकीत टूलबारच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असते. इतकी काळजी सख्खा भाऊ घेत नाही, ती काढू नका. प्रत्येक सॉफ्टवेअरचा अपडेटर वेगळा ठेवा, म्हणजे नाशिकच्या कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे गिऱ्हाइकांची रांग लागली की नेमका त्यातला एक ‘रीस्टार्ट करू का?’ विचारायला वर येईल.

२०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विनगेट १.० आणलं, म्हणजे विंडोजचं ॲप्टच म्हणा. एका कमांडीत बहुतेक सगळं अपग्रेड होतं. हे अंबड-सातपूरच्या एमआयडीसीतल्या ऑफिसांत बोलू नका, महिन्याला फॉर्मॅट मारून देणाऱ्या पोरांच्या पोटावर पाय येतो.

मॅक घेतला असेल तर प्रश्नच नाही. ॲप ओढून फोल्डरात टाकायचं, नको झालं की कचऱ्यात. त्याच्या सेटिंगच्या फायली ‘लायब्ररी’ नावाच्या फोल्डरात तशाच पडून राहतात, पण तिकडे बघतो कोण? एवढ्या महागड्या मशीनला टर्मिनलमधून चालणारा पॅकेज मॅनेजर (ॲप्टसारखं सॉफ्टवेअर आणून बसवणारं साधन) मात्र ॲपल देत नाही. २००९ पासून बाहेरच्या लोकांचं होमब्रू आहे, ते स्वयंसेवक सांभाळतात.

तरीही लिनक्सचा मोह होत असेल, तर आधी घराणं निवडा, कारण लिनक्सच्या प्रत्येक घराण्याचा पॅकेज मॅनेजर वेगळा. डेबियन-उबंटूचं ॲप्ट, फेडोराचं डीएनएफ, आर्कचं पॅकमन. काम एकच, कमांडी वेगळ्या, आणि एकाचं पॅकेज दुसऱ्याकडे सहसा चालत नाही. उबंटू २२.०४ वर तर ॲप्टकडे फायरफॉक्स मागितला की हातात स्नॅप, म्हणजे उबंटूवाल्यांचं वेगळ्याच पद्धतीचं पॅकेज, पडतो. मागितलं काय, आलं काय, अगदी विंडोजचा आनंद!

आणि कधी दोन लिनक्सवाले एकत्र सापडलेच, तर फक्त विचारा, ‘स्नॅप बरं की फ्लॅटपॅक (त्याचाच प्रतिस्पर्धी)?’ तुम्ही सोमेश्वरच्या धबधब्याला जाऊन आलात तरी त्यांचं संपलेलं नसेल.