तुर्कस्तानातील काझी आणि सोव्हिएत न्यायाधीश : एका विधानाचा प्रतिवाद

बोल्शेव्हिकांनी 1917 मध्ये एका फर्मानासरशी झारशाहीची न्यायव्यवस्था पुसून टाकली आणि पार मध्य आशियापर्यंत न्यायाधीशाच्या प्रत्येक खुर्चीवर पक्षाच्या तालमीत तयार झालेला माणूस बसवला, असे विधान सध्या सर्रास फिरते आहे. ताश्कंद, समरकंद, फरगाना या मध्य आशियातील तुर्कस्तानच्या (आजच्या तुर्किये देशाच्या नव्हे) मुलखापुरते तरी ते टिकत नाही.

आधी फर्मानच पाहू. जिल्हा न्यायालये, सिनेट (झारच्या काळचे सर्वोच्च न्यायालय), सरकारी वकिलांची यंत्रणा आणि सनदी वकिली त्याने बरखास्त केली, हे खरे. पण किरकोळ दावे चालवणाऱ्या जुन्या न्यायाधीशांना, त्यांची तयारी असल्यास, नव्या स्थानिक न्यायालयांवर निवडून येण्याची मुभाही त्याच मजकुरात होती.

शिवाय फर्मान निघाले म्हणजे अंमल झाला, असे होत नाही. तुर्कस्तानला रशियाशी जोडणारा ओरेनबुर्ग–ताश्कंद रेल्वेमार्ग रशियातील यादवी युद्धात बराच काळ तुटलेला होता. तो पुन्हा जोडला गेला सप्टेंबर 1919 मध्ये. तोवर ताश्कंदची सत्ता मुख्यतः तिथल्या रशियन वसाहतवाल्यांच्या हाती होती आणि वरच्या पदांवर मुसलमानांना घेण्यास त्यांनी 1917 मध्येच नकार दिला होता. ज्यांना स्थानिक भाषा येते आणि ज्यांच्यावर गावाचा विश्वास आहे अशी माणसे न्यायदानासाठी आणायची कुठून, हा खरा पेच तिथूनच सुरू झाला.

त्या पेचाचे उत्तर काझींकडे होते, आणि वरील विधान नेमके हेच विसरते. स्थायिक वस्तीत काझी आणि भटक्या जमातींत ‘बी’ (रूढीनुसार निवाडा करणारे जमातीचे न्यायकर्ते) यांनी न्याय करावा, ही रीत झारच्या राजवटीनेही मोडली नव्हती. सोव्हिएत सत्तेने आधी ती मोडू पाहिली, पण 1920 च्या दशकाच्या सुरुवातीस तिला या न्यायालयांना पुन्हा मान्यता द्यावी लागली. दोन पक्षांपैकी एकाने जरी मागणी केली, तरी दावा सोव्हिएत लोकन्यायालयाकडे जाईल, अशी अट मात्र घातली गेली. विवाह, वारसा यांसारख्या बाबींत लोक काझींचाच दरवाजा ठोठावत असताना केवळ हुकमावर त्यांची जागा भरून निघणार नव्हती, हे राज्यकर्त्यांनी ओळखले होते.

‘पक्षाच्या तालमीत तयार झालेला’ हेही तपासून घ्यावे. रशियाच्या 1922 च्या न्यायसंघटन कायद्याने लोकन्यायाधीशासाठी कायद्याची पदवी मागितली नाही. दोन वर्षांचे जबाबदारीचे राजकीय काम किंवा न्यायखात्यात तपासनीस वा त्यावरच्या पदावर तीन वर्षांचा अनुभव, यांपैकी एक पुरे होते. पक्षाचे सभासदत्व ही लेखी अट नव्हती. न्यायाधीशाच्या दोन्ही बाजूंना बसणारे लोकपंच तर वर्षातून काही दिवसांपुरतेच कामधंद्यातून येत.

पक्षाचा वचक नव्हता, असे मी म्हणत नाही. न्यायाधीशाची निवड प्रांतिक कार्यकारी समिती करी आणि तीही एका वर्षापुरती, त्यामुळे लगाम भक्कम होता. पण तो लगाम पदाच्या मुदतीचा होता, शिक्षणाचा नव्हता. काझी न्यायालयांचा सरकारी पैसा आधी तोडण्यात आला आणि त्यांच्या निकालांची कायदेशीर मान्यता सोव्हिएत संघराज्याने सप्टेंबर 1927 मध्ये काढून घेतली, म्हणजे त्या फर्मानानंतर जवळपास दहा वर्षांनी.