तांब्याचा पत्रा, चौपाटीचं पाणी आणि फुकटचं इंधन

दादर-माहीमच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. तांबाकाट्यावरून तांब्याचा पत्रा आणा, चौपाटीच्या पाण्यात बुडवा, बॅटरी जोडा. तांबं हवेतला कार्बन डायॉक्साइड खेचून घेतं आणि इंधन तयार होतं. वायू जितका घट्ट चिकटेल तितकं इंधन जास्त. तांबं नसेल तर स्टीलही चालेल. वीज लागते ती नावापुरती.

‘खेचून घेतं’ इथेच पहिली गफलत. कार्बन डायॉक्साइडचा रेणू सरळ आणि सुस्त असतो, तांब्यावर आपणहून जेमतेम टेकतो. कॅथोडकडून, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पत्र्याकडून, इलेक्ट्रॉन मिळाला की तो वाकतो आणि धातूला धरतो. त्यालाही पोटॅशियमसारखे धन आयन शेजारी लागतात. ते नसतील तर सोनं, चांदी, तांबं यांवर ही क्रिया होतच नाही, हे 2021 मध्ये दाखवलं गेलं. शिवाय हवेत हा वायू अवघा 0.04 टक्के, त्यामुळे प्रयोगशाळेत शुद्ध वायूच सोडतात.

घट्ट चिकटण्याचं म्हणाल, तर प्लॅटिनम बघा. त्यावर तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड हलायचं नावच घेत नाही. जागा अडतात आणि उरलेल्या जागांवर नुसता हायड्रोजन सुटतो. सोन्या-चांदीवर उलटं: मोनॉक्साइड लगेच निसटतो. कथिल आणि शिसं क्रियेत मध्येच तयार होणाऱ्या रेणूला ऑक्सिजनच्या बाजूने धरतात, म्हणून तिथे फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा क्षार) मिळतं. तांब्याची पकड या सगळ्यांच्या मधली. मोनॉक्साइड पुरेसा वेळ थांबतो, शेजारच्याशी जोडला जातो आणि इथिलीन, इथेनॉल बनतं. जपानचे रसायनशास्त्रज्ञ योशिओ होरी यांनी हे 1980च्या दशकात दाखवलं. तेही पत्र्याच्या पृष्ठभागावरचे अणू कसे रचलेत यावर ठरतं: एका रचनेवर इथिलीन जास्त, दुसरीवर मिथेन. पेट्रोल कुठेच नाही.

स्टीलवर मुख्यतः हायड्रोजनच मिळेल.

चौपाटीच्या पाण्याची कल्पना तर धोक्याची आहे. मिठामुळे अॅनोडवर, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला, क्लोरीन हा विषारी वायू सुटतो आणि कॅथोडवर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर बसतो. बंद गॅलरीत हे करू नका, मुलांना तर मुळीच करू देऊ नका.

राहिली ‘नावापुरती’ वीज. एक किलो कार्बन डायॉक्साइडचा मोनॉक्साइड करायला, यंत्र अगदी आदर्श असलं तरी, किमान 1.6 युनिट लागतात. मुंबईला डहाणूहून येते तशी कोळशाची वीज वापरली, तर युनिटमागे साधारण 0.9 किलो कार्बन डायॉक्साइड धुराड्यातून बाहेर पडतो. म्हणजे एक किलो संपवायला जवळपास दीड किलो सोडायचा.