विठोबाच्या कमरेवरचे हात

आषाढी जवळ आली की विठोबाच्या मूर्तीतून 'धडे' काढणारे फॉरवर्ड सुरू होतात. कमरेवर हात म्हणजे आत्मविश्वास, वीट म्हणजे भक्कम पाया, न हलता उभं राहणं म्हणजे एकाग्रता. वाचून वाटतं, पांडुरंग कुठल्या तरी कंपनीत इंटरव्ह्यूला आलाय! मला हे अजिबात पटत नाही. ज्या देवाचं रूपच 'तू ये, मी थांबलोय' एवढं सांगतं, त्याच्याकडून आपण यशाची सूत्रं कशाला मागायची?

आधी हातच बघा. डाव्यात शंख, उजव्यात कमळाचा देठ, आणि दोन्ही कमरेवर. अभय देणारा तळवा नाही, वर देणारी मुद्रा नाही, शस्त्र उगारलेलं नाही. आपल्या बाकीच्या देवांचे हात सतत काहीतरी करत असतात: मोदक धरतात, राक्षस मारतात, बासरी वाजवतात. याचे हात कामच करत नाहीत. का, याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर शंकराचार्यांच्या नावाने म्हटल्या जाणाऱ्या पांडुरंगाष्टकात आहे. 'प्रमाणं भवाब्धेरिदं मामकानाम्', म्हणजे माझ्या माणसांसाठी भवसागर एवढाच खोल आहे, हे दाखवायला याने हात कमरेवर ठेवलेत. नदी ओलांडताना पुढे गेलेला माणूस काठावरच्या घाबरलेल्यांना कसा सांगतो, 'अहो, कमरेएवढंच पाणी आहे, या!' तसं. तो तुम्हाला उचलून पलीकडे नेणार नाहीये. पाण्यात तुम्हालाच उतरायचंय. पण खोली मोजून झालेली आहे.

आता वीट. कुणी कमळावर, कुणी सिंहावर, कुणी गरुडावर. हा विटेवर, आणि तीही त्याने निवडलेली नाही. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दारात आला, पुंडलिकाने हाताशी होती ती वीट मागे फेकली आणि म्हणाला, थांब जरा. देव थांबला. एरवी भक्त ताटकळतो आणि देव सवडीने पावतो. इथे सगळा उलटा कारभार. वाहन नसणंही मग शोभतं, कारण ज्याला कुठे जायचंच नाही त्याला वाहन कशाला? हे थांबणं नामदेवांच्या आरतीत 'युगे अठ्ठावीस' झालं. चार वेद, सहा शास्त्रं, अठरा पुराणं मिळून अठ्ठावीस, असाही अर्थ काहीजण लावतात. बेरीज जुळते, पण मला तो हिशेब नंतर बसवल्यासारखा वाटतो. (त्याच आरतीतली रखुमाई 'वामांगी', म्हणजे विठोबाच्या डाव्या बाजूला आहे, आणि पंढरपुरात मात्र तिचं देऊळ वेगळं. रुसून दिंडीरवनात गेलेल्या बाईचा स्वाभिमान आरतीला पेलला नाही, असं माझं आपलं मत.)

डोक्यावरच्या उंच मुकुटात संतांनी शिवलिंग पाहिलं. रामदासही 'विठोने शिरी वाहिला देवराणा' म्हणतात. नरहरी सोनारांची गोष्ट यातूनच उमगते. कट्टर शिवभक्त, विठोबाचं तोंड बघायचं नाही म्हणून डोळे बांधून कमरेच्या साखळीचं माप घ्यायला गेले. हाताला लागला शंकर, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. शैव-वैष्णव वाद घालून दमलेल्या माणसांनी शोधलेली ही तोड आहे. ग्रंथ लिहून ती निघाली नसती.

आणि शेवटी पाय. तुकोबांच्या शब्दांत 'समचरण'. कृष्णासारखा पाय दुमडून नखऱ्यात उभा नाही, दोन्ही पायांवर सारखाच भार. देव कुणाकडेही झुकलेला नाही, हा अर्थ प्रवचनांत हमखास निघतो, आणि तिथे माझी गाडी अडते. संत चोखोबा याच पायांवर अभंग रचत राहिले, पण महार म्हणून अस्पृश्य ठरवलेले, देवळात पाऊल टाकू शकले नाहीत. मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. म्हणजे मेल्यावरही बाहेरच. पुढची सहाशे वर्षं त्या समाधीवरून वारकरी आत जात राहिले आणि चोखोबांच्या जातीची माणसं बाहेरून कळसाला हात जोडून परतत राहिली. दार उघडायला मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, तेही स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं असताना.

यात मूर्तीचा काय दोष, असं कुणी म्हणेल. मूर्तीचा नाहीच. पण समचरणाचा अर्थ रंगवून सांगणाऱ्याने १९४७ गाळलं, की पुढचं प्रवचन मी ऐकत नाही.