‘गोडे पाणी समुद्रात फुकट’: मावशीच्या फॉरवर्डला उत्तर

मडगावच्या मावशीने परवा घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला. दक्षिण गोव्यातल्या साळावली धरणाच्या सांडव्याचा (जादा पाणी बाहेर पडते त्या भागाचा) फोटो आणि खाली: ‘धरण जुलैतच भरले. दरवाजे उघडून कोट्यवधी लिटर गोडे पाणी समुद्रात सोडतात आणि मे महिन्यात आपल्याला टँकर. नदीत एक थेंबही जाता कामा नये. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’ लोकांनी तो मनावर घेतलेला दिसतो, कारण दिवसभरात मला तो चार ठिकाणांहून आला. मे महिन्यातली चिडचिड खरी आहे, ती मीही करतो. पण बाकीचा मजकूर वाचून राहवेना.

आधी दरवाजे. फोटोतल्या त्या सांडव्याला दरवाजेच नाहीत. बदकाच्या चोचीसारखा जलाशयात शिरलेला काँक्रीटचा काठ आहे तो. पाणी काठाच्या वर चढले की तीन बाजूंनी आपसूक आत कोसळते. कुणी बटण दाबत नाही, कुणाची सही लागत नाही. जुलैत तिथे गेलात तर चष्मा पुसता पुसता पुरेवाट होते आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. असले दृश्य बघून ‘किती हे वाया’ असे वाटणे साहजिक आहे. म्हणून जरा गुणाकार करू. साळावलीचे पाणलोट क्षेत्र सुमारे २०९ चौरस किलोमीटर. सांग्याच्या डोंगरात वर्षाला ३ मीटर पाऊस म्हणजे हात राखून धरलेला आकडा. तरी झाले ६२७ दशलक्ष घनमीटर. धरणात मावतात सुमारे २३४. जमिनीत मुरलेले, झाडांनी प्यायलेले सगळे वजा करा, तरी भरपूर उरते. भरलेल्या रांजणात ओतत राहिले तर पाणी वरून सांडणारच, त्यासाठी रांजणाला भोक पडावे लागत नाही.

उत्तर गोव्यातल्या अंजुणे धरणाला मात्र दरवाजे आहेत आणि ते उघडतात. का उघडतात ते खालच्या साखळी गावच्या बाजारात दुकान असलेल्या कुणालाही विचारा. ते पाणी वाळवंटी नदीतून त्याच बाजाराच्या कडेने जाते. धरण काठोकाठ भरलेले असताना वर चोर्ला घाटाच्या बाजूला रात्रभर पाऊस कोसळला, तर आलेले सगळे पाणी त्याच रात्री खाली सोडावे लागते. आधीपासून थोडे थोडे सोडले तर वरच्या पावसाला धरणात जागा राहते. २३ जुलै २०२१चा पूर आठवत असेल, तर ‘एक थेंबही जाता कामा नये’ हे वाक्य जरा जपून लिहावे.

आणि जुलैत भरले म्हणून हुरळायचे कशाला? पाऊस चालू असतो तोवर रोजच्या उपशाची भरपाई रोज होते. खरा हिशेब सुरू होतो ऑक्टोबरात, सांडव्यावरचे पाणी थांबल्यावर. तिथून पुढे आठ महिने नळ, कालवे आणि ऊन, सगळे एकाच साठ्यावर. ऊन हा हिशेबातला भिडू लोक विसरतात. वीस चौरस किलोमीटरवर पसरलेल्या पाण्यातून दिवसाला ५ मिलिमीटर उडाले तर ते १० कोटी लिटर होतात. शिवाय मान्सून कॅलेंडर पाहून येत नाही. गोव्यात तो एरवी ५ जूनच्या आसपास पोचतो, २०१९ साली २० तारखेला आला. त्या पंधरा दिवसांची बेगमी मार्चमध्येच करावी लागते, कालव्याला किती आणि नळाला किती हे ठरवून. जुलैत अडवून ती होत नाही.

आता ‘नदीत एक थेंबही नको’. मावशी, पणजीत तुझ्या लेकीच्या नळाला येते ते पाणी कुठल्या मोठ्या धरणातले नाही गं. ते ओपाच्या पाणी प्रकल्पाचे. ओपाला खांडेपार नदीतूनच पाणी उचलतात, बंधाऱ्यांनी अडवून. म्हणजे ज्या वाहत्या पाण्याला आपण फुकट म्हणतो, त्यावर राजधानी चहा करते. दुसरे असे की मांडवी आणि झुवारी या दोन्ही नद्यांत भरती पन्नासेक किलोमीटर आत येते. वरून गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की खारे पाणी आणखी वर सरकते. त्याची खबर आधी मासेमाऱ्याला लागते, मग काठच्या विहिरीला. मांडवीलाच वरच्या अंगाला म्हादई म्हणतात. सत्तरी तालुक्यात तिच्या काठच्या काही गावांत नदीचे पाणी ओसरले की पात्रातच शेती करतात, तिला पुरण शेती म्हणतात. इतरत्र बंधाऱ्याला फळ्या घालून पाणी अडवतात आणि वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात, पिकवतात. वरून पाणीच आले नाही, तर फळ्या अडवणार काय? पहिल्या पावसात चढणीचे मासे वर निघतात ते नदी वाहते म्हणून. रस्त्याकडेच्या ओहोळात पोरे त्यांच्या मागे धावतात ना, तेच.

टँकरचे म्हणाल, तर ऑगस्ट २०१९ आठवा. खांडेपारजवळ मुख्य जलवाहिन्या फुटल्या आणि भर पावसाळ्यात पणजीकर कित्येक दिवस कळश्या घेऊन टँकरची वाट पाहत होते. नद्या दुथडी, धरणे तुडुंब आणि नळ कोरडा. धरणापासून नळापर्यंत मध्ये शुद्धीकरण प्रकल्प असतो, पंप असतात, वीज असते, कितीतरी किलोमीटर जुनी पाइपलाइन असते. माझ्या घरी मे महिन्यात पाणी पहाटे चारला येते आणि पाचला जाते, तेव्हा रस्त्याच्या वळणावर, गळक्या व्हॉल्व्हपाशी, बारमाही हिरवे गवत असते. तिथे म्हैस चरते. फॉरवर्डमध्ये या गवताचा फोटो हवा होता.

शेवटचा मुद्दा खरे तर मी आधी मांडायला हवा होता. ‘समुद्रात जाणारे पाणी वाया’ हाच युक्तिवाद म्हादईचे पाणी वळवण्याच्या कर्नाटकच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या बाजूने केला जातो. म्हादईचे पाणी अरबी समुद्रालाच मिळते, तर ते कर्नाटकातल्या मलप्रभा नदीत वळवले म्हणून बिघडले कुठे? २०१८च्या निवाड्यात म्हादई पाणीतंटा लवादाने त्यासाठी ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूरही केले आणि आपण गोवेकर अजून त्याविरुद्ध भांडतो आहोत. भांडताना आपण सांगतो की वाहती नदी म्हणजे वाया गेलेले पाणी नव्हे. म्हादई वाहती हवी आणि साळावलीखालची नदी कोरडी चालेल, हे दोन्ही एका तोंडाने कसे बोलणार?

मावशीला मी एवढेच लिहिले की पावसाळ्यात धरणांची टक्केवारी पेपरात येते, ती ऑक्टोबर ते जून दर आठवड्याला यावी आणि शेजारी तीन रकाने असावेत: नळाला किती, कालव्याला किती, नदीत किती. तिने विचारले, ‘हे कोणाला पाठवायचे?’ मी आमदारांचा नंबर पाठवला आहे.