‘गोळ्या चालू आहेत ना?’ असं विचारणं आधी बंद करा

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं आटोपलं की घरचे म्हणतात, सुटलो बाबा एकदाचे. आणि तिच्या हातात येते रोजची एक बारीकशी गोळी. टॅमॉक्सिफेन, नाहीतर लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल. निदान ५ वर्षं, काहींना १०. कॅन्सरच्या ओपीडीत समुपदेशन करताना मी बघते, इथून पुढे बहुतेक जणी एकट्या पडतात.

गोळी साधीसुधी नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या १० पैकी साधारण ७ जणींची गाठ इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसलेली असते, आणि गोळी त्यालाच आवरते. अशांनी ५ वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं, तर पुढच्या १५ वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. तरीही २०१० मधल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात जेमतेम निम्म्या जणींनीच पूर्ण मुदत गोळी नीट घेतल्याचं दिसलं.

यावर ठरलेला सल्ला: विसरत असतील, अलार्म लावून द्या. तेही करून झालंय. अमेरिकेतच ७०० बायकांच्या चाचणीत निम्म्या जणींना ३ वर्षं आठवड्यातून दोनदा मेसेज पाठवले. २०२० मध्ये निकाल आला, फरक शून्य. मला तरी नवल वाटलं नाही. विसरतंय कोण?

सकाळी उठताना पलंगाची कड धरावी लागते. बोटं इतकी आखडलेली असतात की ब्लाउजचे हुक लागत नाहीत. रात्री घामाने उशी भिजते. योनीमार्ग कोरडा पडतो, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, आणि तपासणीला सोबत आलेला असतो मुलगा! डॉक्टर फाइलवरून नजर न उचलता विचारतात, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ ती ‘हो’ म्हणते. दुसरं काय म्हणणार?

त्याऐवजी ‘गोळीने काय काय होतंय?’ असं विचारून बघा. ‘गेल्या आठवड्यात किती राहिल्या?’ हेही, पण रागावण्याचा सूर नको. कारण बऱ्याच त्रासांवर इलाज आहेत. सांधे दुखत असतील तर नियमित चालणं आणि ताकदीचे व्यायाम यांनी दुखणं कमी होतं, हे चाचण्यांत दिसलंय. एक गोळी सोसत नसेल तर डॉक्टर त्याच गटातली दुसरी देऊन बघतात. अंगातून वाफा येत असतील तर व्हेन्लाफॅक्सिनसारखं औषध आहे. (टॅमॉक्सिफेन चालू असताना पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं मात्र शक्यतो टाळतात, त्यांनी टॅमॉक्सिफेनचा प्रभाव कमी होऊ शकतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी ही गोळी चालू असल्याचं सांगाच.) कोरडेपणासाठी हार्मोन नसलेली जेल मिळतात. हे तिला कुणी सांगतच नाही.

सोबत येणाऱ्यांनी पाच मिनिटं बाहेर बसावं. आणि ताई, गोळी नकोशीच झाली असेल तर परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना तोंडावर सांगा, ‘मला हे सोसवत नाही.’ थोडे दिवस थांबवून त्रास गोळीचाच आहे का, हे तेही बघतात.